ब्लाउजच्या आतला डाग

सुमनचा मुलगा सकाळी फोनवर म्हणाला, "मोठी आई, आई उठून नाही राहिली." मी विचारलं, "अंग गार आहे का?" तो "हो" म्हणाला. मी निवडत असलेली भाजी बाजूला ठेवली, चप्पल घातली आणि निघाले. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. सुमन माझी धाकटी जाऊ. भेटायला आलेले सगळे ती प्रेमळ होती असं म्हणत होते. ती प्रेमळ नव्हती. हट्टी होती, आणि भांडायला लागली की जुनं-नवं सगळं उकरून काढायची. मला तिची एकच गोष्ट लिहायची आहे. बायका ती बोलत नाहीत, म्हणून.

आमचं घर तांडापेठेतलं, विणकरांचं, तेव्हा एकत्र. नवरे माग चालवायचे, आम्ही दोघी जावा सुताच्या कांड्या भरायचो. नवरे गेले, मुलं दुसऱ्या कामाला लागली, तरी सुमननं एक माग सोडला नव्हता. साडीच्या काठाचं लाल सूत रंगवून झालं की ओल्या लडी ती डाव्या खांद्यावर टाकून गच्चीवर वाळत घालायला न्यायची. रंग अंगाला लागायचाच. आमच्या घरात कोणाच्या कपड्यावर लाल डाग दिसला तर कोणी विचारत नसे. तिच्या ब्लाउजला डावीकडे डाग असायचा, तेव्हा मीही विचारलं नाही.

मग एका उन्हाळ्यात घरात नुसतं पांढऱ्या सुताचं काम होतं. नळावर कपडे धुताना तिचा ब्लाउज माझ्या हाती आला. डाग आतल्या बाजूनं होता, वाळून तपकिरी झालेला.

"हे काय वं?"

"रंग."

"पांढऱ्या सुताचा?"

तिनं ब्लाउज ओढून घेतला. "तुमाले काय करायचं आहे, बाई?"

दुपारी स्वतःच येऊन बसली. डाव्या स्तनाच्या बोंडातून आपोआप रक्त येत होतं, दाबावंही लागत नव्हतं. म्हणाली, "माझ्या आईलेही असंच होतं. सगळे म्हणे, छातीची बिमारी. मरेपर्यंत तिले कोणी नाव नाही सांगितलं." दवाखान्यात गेलं तर तेच निघेल, ही तिची भीती. आणि न जाता आपणही आईसारखंच काही न कळता मरू, ही दुसरी. या दोन्हींच्या मध्ये ती किती दिवस बसली होती, ते तिलाच ठाऊक...

मी तिला नेलं. छाती दाबून काढतात तो फोटो साफ आला. सोनोग्राफीत दुधाची एक नळी फुगलेली दिसली, पण आत काय आहे ते दिसेना. सुमन लगेच उठली. "साफ आहे म्हणते ना. चला."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बसा मावशी. फोटोत दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं नसतं. रक्त तर येऊन राहिलं ना?" मग त्यांनी एमआरआयचं समजावलं. शिरेतून औषध सोडतात. आत काही वाढत असेल तर ते औषध तिथं जास्त जमतं आणि ती जागा उजळ दिसते. पक्कं नाव तेवढ्यावरून कळत नाही, पण तुकडा कुठून काढायचा ते कळतं.

मशीनच्या दारात ती अडली. "आत माणूस आहे, बाई."

"तुझी छाती पाहायले तो काय नवस करून बसला आहे का वं? जा."

हसली आणि गेली. बाहेर आल्यावर म्हणाली, "पालथं झोपवलं. टेबलाले दोन खड्डे, छाती त्यात सोडायची. मग नुसतं खटखट, खटखट... मागावर बसल्यासारखं वाटलं. फक्त हात नाही हलवायचा. तेच कठीण गेलं."

नळीत खोलवर एक उजळ रेघ दिसली होती. तिथला तुकडा तपासून आला. डॉक्टरीणबाई हळूहळू सांगायला लागल्या, तर सुमननं त्यांचं बोलणं तोडलं. "मॅडम, नाव सांगा."

"कॅन्सर. पण अजून नळीच्या आतच आहे. बाहेर पसरलेला दिसत नाही."

सुमननं तो शब्द एकदा स्वतःशी म्हटला. रडली नाही. पायऱ्या उतरताना एवढंच म्हणाली, "माझ्या आईलेही कोणी सांगायले पाहिजे होतं."

ऑपरेशन झालं. त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली आणि मोहल्ल्यातल्या बायकांना तिनं सुखानं बसू दिलं नाही. हळदीकुंकवाला गेली तरी विचारायची, "ब्लाउज आतून पाहते का वं?" बायका तिच्या शेजारी बसायचं टाळायच्या. एकीला ती ओढून घेऊन गेली, तर नळीतला चामखिळीसारखा साधा मस्सा निघाला. ती बाई चिडली. "उगाच घाबरवलं मले." सुमन म्हणाली, "मस्सा आहे हे कळलं ना? मग झोप आता."

तेरवी होऊन थोडे दिवस झाले होते. गल्लीतली एक नवी सून सुमनचं दार बंद पाहून माझ्याकडे आली. उंबऱ्यातच उभी राहिली, पदराचं टोक पिळत. "काकू गेल्या, माहीत आहे मले. पण... दुसऱ्या कोणाले सांगू?"

मी तिला आत घेतलं, दार लावलं. विचारलं, "एकाच बाजूनं येते की दोन्हीकडून?"

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंचे केस आता पांढरे झाले आहेत, पण त्यांनी मला ओळखलं. म्हणाल्या, "आज सुमनताई नाही आल्या?"

"ती वारली," मी म्हणाले. "आता मी येत जाईन."