आधी समोरच्याची बाजू

आमच्या मध्यस्थी कक्षात चहापेक्षा किस्से जास्त उकळतात. दोन माणसं भांडत आत येतात आणि जाताना एक किस्सा टेबलावर ठेवून जातात. मैत्रिणी कधीच्या म्हणतायत, लिहून काढ. घ्या तर!

कक्ष म्हणजे सोलापुरातल्या एका सरकारी कार्यालयातली जुनी स्टोअर रूम. सरकारी खात्यांची भांडणं कोर्टात कुजत ठेवण्यापेक्षा समोरासमोर बसवून मिटवायची, हे आमचं काम. मी एलएलबी झाले, मध्यस्थीचं ट्रेनिंग घेतलं आणि इथे येऊन बसले. माझा नियम एकच. ज्याला बोलायचंय त्याने आधी समोरच्याची बाजू सांगायची, समोरचा ‘बरोबर’ म्हणेपर्यंत. मग स्वतःची.

आमचे विधी अधिकारी इनामदार सर. त्यांना हा सगळा पोरखेळ वाटायचा. “बाळ, भांडण कोर्टातच शोभतं!” स्वतः सख्ख्या भावाशी वडिलांच्या घरावरून वर्षानुवर्षं दावा लढवतायत. तारीख असली की कडक इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला निघाल्यासारखे रजेवर जातात! पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, “दिवाळीपर्यंत बघू. मग ही खोली माझ्या फायलींना परत.”

खोली गेली की कक्ष गेला. हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

* * *

पहिली केस रस्तेवाले विरुद्ध पाणीवाले. एकाने रस्ता केला, दुसऱ्याने लगेच तो पाइपलाइनसाठी खणला. दोन्ही खाती सरकारचीच, ऑफिसं एकाच इमारतीत, वरखाली. तरी एकमेकांना पत्रं पोस्टाने!

नियमाप्रमाणे पाणीवाल्या साहेबांनी रस्त्याची बाजू सांगितली, रस्तेवाल्यांनी पाण्याची. अर्ध्या तासात तोडगा निघाला. यापुढे खणायच्या आधी जिना चढून सांगायचं. झालं!

सह्या झाल्या, तरी कोणी उठेना. मी विचारलं, “अजून काही आहे का?”

पाणीवाले उसळले, “यांची गाडी रोज माझ्या लिंबाखाली असते!”

सोलापूरचा उन्हाळा! रस्त्याचं एका बैठकीत मिटलं. सावलीचं मिटायला तीन बैठका लागल्या.

* * *

मंद्रूपच्या सुभद्राबाई बाजारात भाजी विकतात. सरकारी भिंतीने त्यांची मागची वाट अडली म्हणून त्यांनी दावा लावला होता. इंजिनिअर साहेब नकाशा घेऊन आले. मी म्हटलं, “नकाशा नंतर. आधी बाईंची बाजू सांगा.”

साहेब चाचरत म्हणाले, “यांची वाट बंद झाली. टोपली घेऊन लांबून वळसा पडतो.”

“आणि?” सुभद्राबाई म्हणाल्या.

“आणि काय?”

“समद्यांम्होरं मला ‘ए म्हातारे, बाजूला सर’ म्हनलास, ते कोन सांगनार? भित पाडा म्हनून मी कुटं म्हनतीया? ते तेवडं परत घे की!”

साहेबांनी हात जोडले. चुकलं म्हणाले. मग बाईच म्हणाल्या, “भित ऱ्हाऊ दे. एक दार ठिवा म्हंजे झालं.”

तडजोडीचा कागद बघून इनामदार सर गरजले, “माफी? माफीची तरतूद कुठल्या कलमात आहे?”

“सर, मनाई कुठल्या कलमात आहे?”

त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

* * *

रफिकचाचा सरकारी बसचे ड्रायव्हर, रिटायरमेंट तोंडावर आलेली. ब्रेक नीट लागत नाहीत म्हणून त्यांनी बार्शीची गाडी काढली नाही. मॅनेजरने हुकूम मोडल्याची चौकशी लावली. पेन्शन टांगणीला!

मी नियम सांगितला. चाचांनी मॅनेजरचा चष्मा मागून घेतला, नाकावर चढवला, कमरेवर हात ठेवले आणि त्याच्याच आवाजात सुरू झाले, “ब्रेक लागत नसतील तर हळू चालव! पण बार्शीला वेळेत पोच!”

मॅनेजर हसून हसून लाल. “मी असं बोललो?”

चाचांनी चष्मा परत दिला. “इत्ते मीठे में नै बोले थे, साब!”

चौकशी मागे. गाडी वर्कशॉपला.

* * *

दिवाळी तोंडावर आली. एका सकाळी कक्षाच्या दारात फायलींचे गठ्ठे! मी तडक आमच्या मुख्य मॅडमकडे गेले. “मॅडम, हा दोन विभागांतला वाद आहे. मध्यस्थी लावा.”

इनामदार सर हसले, पण मॅडमच आमच्या कक्षात येऊन मध्यस्थ म्हणून बसल्या, तेव्हा त्यांना खुर्ची ओढावी लागली.

आधी मी. “सर म्हणतात, ही पोरगी...”

“टोमणे वगळून,” मॅडम म्हणाल्या.

मी पुन्हा सुरुवात केली. “तोंडी समेट करून लोक उलटलेले सरांनी पाहिलेत. तेव्हा सगळं सरांनाच निस्तरावं लागलंय. म्हणून त्यांचा भरवसा फक्त कोर्टाच्या निकालावर आहे.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “बरोबर,” म्हणाले.

मग त्यांची पाळी. “ही म्हणते, ही खोली नसती तर...” थांबले. “तर ती मंद्रूपची बाई अजून वळसा घालत बसली असती. तो ड्रायव्हर रिटायर होऊनही तारखांना येत राहिला असता. माणूस म्हातारा होतो आणि समोरचा काय म्हणतो, हे त्याला कधी कळतच नाही.”

मी कसंबसं म्हटलं, “बरोबर.”

मॅडमनी सरांना आता त्यांची स्वतःची बाजू मांडायला सांगितली. सर म्हणाले, “गरज नाही. गठ्ठे मी उचलतो.”

आणि उचलले! शेवटचा गठ्ठा काखेत घेऊन ते दारात थांबले.

“मॅडम, उद्या सकाळी खोली रिकामी आहे?”

इतके दिवस मी ‘बाळ’ होते! मी मागे वळून पाहिलं. मुख्य मॅडम केव्हाच गेल्या होत्या.

“आहे, सर. का?”

“भावाला बोलावतोय. बार्शीहून, पहिल्या गाडीने.” त्यांनी शर्टाची इस्त्री सारखी केली. “पण आधी त्याला बोलू द्या. माझी बाजू मला एकदा त्याच्या तोंडून ऐकायचीय.”