शालूच्या नावाचं दार

श्रावणातली सकाळ होती. साडेसहाच्या सुमारास दूधवाल्या रामधनीचा फोन आला. "भैया, बहनजी दरवाजा नहीं खोल रही हैं," एवढंच तो म्हणाला. काकू गेली हे मला तेव्हाच कळलं. चाळीस वर्षं पहाटे चारला उठणारी बाई साडेसहापर्यंत दूध बाहेर राहू देणार नाही. सिगऱ्यातल्या माझ्या घरून रिक्षा केली, चौकात उतरलो आणि मंगला गौरीच्या देवळामागच्या गल्लीत चालत पोचलो, तोवर कुणीतरी सुतार बोलावून आणला होता. त्याने आतली कडी तोडली. काकू कुशीवर झोपलेली होती, चष्मा घडी करून उशाशी ठेवलेला. रात्री झोपेतच गेली असं डॉक्टर म्हणाले. मग दिवसभर जो येई तो म्हणे, काशीत, श्रावणात, झोपेत... केवढी पुण्याई. ऐकून ऐकून मी दमून गेलो. मी मान डोलवत होतो आणि तिच्या खिडकीजवळच्या टेबलाकडे बघायचं टाळत होतो. टेबलावर तिची निळी वही होती, आणि त्या वहीतलं एक काम मी जवळजवळ वर्षभर टाळत आलो होतो.

सुमतीकाकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. सांगलीची. बाविसाव्या वर्षी लग्न होऊन काशीला आली तेव्हा तांदळात नवं नाव लिहिलं गेलं आणि कुसुमची सुमती झाली. काका ब्रह्मा घाटावरच्या पाठशाळेत शिकवत. ते फार लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. काकूने मुलींच्या शाळेत गणिताची नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत पोरींना भूमिती शिकवली. गल्लीत ती 'बहनजी'च होती. मीही तिच्या हाताखालून गेलो. कुठलाही प्रश्न असो, कागदावर आधी 'दिया है', मग 'सिद्ध करना है', मग एकेक पायरी आणि शेवटी 'इति सिद्धम्'. मधली एखादी पायरी गाळून कुणी खाली 'इति सिद्धम्' लिहिलं की ती तेवढ्या दोन शब्दांवर लाल काट मारी आणि वही परत देई. ओरडत नसे. पण ती काट फार लागायची... मला अजून आठवते. मंगला गौरीच्या मागच्या या दोन खोल्या तिने स्वतःच्या पगारातून घेतल्या, आणि त्याचा तिला भारी अभिमान होता.

गेल्या वर्षी तिच्या खालच्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ वारले. तेरावा झाला त्याच दिवशी त्यांच्या दोन मुलांनी एकाच दाराला दोन कुलपं लावली, एक वरच्या कोयंड्याला, एक खालच्या. काकू रोज जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ती दोन कुलपं बघायची. आमच्या या गावात मरणाबद्दल बोलायला कुणी कचरत नाही. चहाच्या दुकानात बसल्या बसल्या लोक आपल्याला कुठल्या घाटावर न्यावं ते सांगून टाकतात. मागे राहणाऱ्या कपाटाच्या किल्लीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. काकूने एक निळी वही आणवली आणि मोबाइलवर हिंदी व्हिडिओ लावून अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मृत्युपत्राचा अभ्यास सुरू केला. दर रविवारी मी गेलो की ती मला शिकलेलं ऐकवायची. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो नुसता सांभाळणारा. दोन साक्षीदार हवेत. त्यांनी मजकूर वाचायची गरज नाही, सही करताना बघितलं पाहिजे. आपण शुद्धीत आहोत असा डॉक्टरचा कागद जोडलेला बरा. सगळ्यात जास्त ती अडली स्वतःच्या नावापाशी. शाळेच्या दाखल्यावर कुसुम, घराच्या कागदावर सुमती, आधारवर कुणा बाबूने घातलेलं 'सुमती देवी'. 'मी' एवढं लिहून ती दोन रविवार थांबली होती.

मी तिला म्हणालो, वकील कर आणि मोकळी हो. खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. रेल्वेच्या ऑफिसात जन्मभर कागदच हलवले, निवृत्तीनंतर बायकोच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, मुलगा पुण्याला, आणि रविवारी काकूकडे जाऊन शांतपणे एक कप चहा प्यावा एवढीच माझी अपेक्षा. वकिलाकडे जायलाही आधी आपला प्रश्न आपल्याला कळला पाहिजे, असं तिचं म्हणणं. मी चहा पीत राहायचो.

मग भाद्रपदातला तो रविवार. पितृपक्ष लागला होता, घाटावर आपल्या मराठी यात्रेकरूंची रीघ होती, आणि त्यातून वाट काढत मी वैतागून पोचलो. काकूने वही माझ्यापुढे सरकवली. पानावर लिहिलं होतं, 'दिया है : मी, शालू, विनू, दोन खोल्या.'

"मी काही न लिहिता गेले, तर या खोल्या कुणाला जातील? सांग."

विनू म्हणजे मी. शालू म्हणजे शालूमावशी, काकूची धाकटी बहीण. लग्न झालं नाही. आधी वडिलांच्या, मग भावाच्या, आता भाच्यांच्या घरात सांगलीला राहते. झोपायची जागा दर दोन-चार वर्षांनी बदलते : कधी स्वयंपाकघर, कधी नातवंडांची खोली, सध्या पॅसेज. मी म्हणालो, शालूमावशीला जातील, सख्खी बहीण आहे.

"शून्य मार्क," काकू म्हणाली. "तुला जातील."

तिने मला कायदा समजावला. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतः कमावलेलंसुद्धा नवऱ्याच्या वारसांना जातं. माहेरची माणसं त्यानंतर. तिच्या नवऱ्याचा वारस म्हणून आता उरलेला मी एकटा. "माझ्या पगाराच्या खोल्या, आणि माझी बहीण रांगेतसुद्धा नाही," ती म्हणाली. "शालूला आयुष्यात एकदा तिच्या नावाचं दार मिळायला हवं, विनू. मग तिने इथं राहावं नाही तर विकून टाकावं. पण दार तिचं. तू फक्त दोन साक्षीदार बघून दे. जिने उतरून लोकांच्या दारी जाणं आता माझ्याच्यानं होत नाही."

मी म्हणालो, "पितृपक्ष संपू दे काकू. या दिवसांत असं काम नको."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. वर्गात एखाद्या पोरीने पायरी गाळली की बघायची, तसं. मग तिने वही मिटली आणि चहाचा कप उचलून आत गेली.

त्या दिवशी परतताना चौकापर्यंतच्या गर्दीत मी काय विचार केला, तो लिहूनच टाकतो. त्या दोन खोल्या भाड्याने दिल्या तर काय येईल, हे माझ्या मनात आलं. एकदाच आलं, आणि मी ते झटकलं. पण आलं होतं. मग पितृपक्ष संपला तर नवरात्र आलं, नंतर दिवाळी, मग देवदिवाळीच्या गर्दीत तिकडे पाय टाकायची सोय नाही, मग थंडी. प्रत्येक वेळी कारण खरं होतं, आणि दरवेळी मी दमलेला होतोच. पण दमलेपणाच्या आड ते दुसरं बसलेलं होतं की नव्हतं, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. काकूने पुन्हा विषय काढला नाही. ती विसरली असं मी स्वतःला सांगितलं. काकू कधी काही विसरली नव्हती.

चौदाव्या दिवशी मी कपाट उघडलं. शाळेने निरोप समारंभात दिलेल्या डब्यात एक पाकीट होतं. आत डॉक्टरचा कागद आणि एकच पान, काळ्या शाईत, तिच्या त्या फळ्यावरच्या अक्षरात. बाबूला वाचता यावं म्हणून हिंदीत. सुरुवातीला 'मैं, सुमती, विवाह से पूर्व कुसुम'. तिला स्वतःचं नाव सापडलं होतं. दोन्ही खोल्या बहीण शालिनीला. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. तारीख बघितली आणि मी पलंगावर बसलो. तारीख होती त्या रविवारच्या दुसऱ्या दिवसाची. भर पितृपक्षातला सोमवार.

साक्षीदारांतला एक रामधनी. दुसरी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातली रेखा, काकूची जुनी विद्यार्थिनी. रामधनीला विचारलं तर तो म्हणाला, "बहनजी खुद सीढ़ी उतरकर आई थीं, रेलिंग पकड़-पकड़ के. बोलीं, पढ़ना मत, बस हमको दस्तखत करते देखो, फिर तुम करो." माझ्याबद्दल काही म्हणाली का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "बोलीं, विनू थका हुआ है, उसको मत बताना."

पानावर शेवटी आणखी एक परिच्छेद होता. पुतण्या विनायक याला मी यातलं काही देत नाही, माझ्या पश्चात या कागदाप्रमाणे सगळं पार पाडण्याची जबाबदारी मात्र त्याचीच. आणि पुढे कारण दिलं होतं, 'क्योंकि वह देर करता है, बेईमानी नहीं करता.' एवढं वाचून मला रडू आलं. स्मशानात आलं नव्हतं. तिने माझा पेपर तपासून मार्क देऊन टाकले होते, आणि ते मी कमावलेले नव्हते. माझ्या मनात पुढे काय येणार, ते तिने त्या रविवारी माझ्याकडे बघतानाच ओळखलं असणार. तरीही तिने तसं लिहिलं... की म्हणूनच लिहिलं, ते आता कुणाला विचारू.

तेव्हापासून मी कागद हलवतो आहे. मृत्यूचा दाखला, त्याच्या प्रती, खोल्यांचे जुने कागद, साक्षीदारांची शपथपत्रं. शिवाय माझं स्वतःचं एक : मी अमुक, कायद्याने वारस, या मृत्युपत्राला माझी हरकत नाही. कचहरीत, कोर्टाच्या आवारात पिंपळाखाली बसणाऱ्या टायपिस्टने ते टाइप करता करता हात थांबवला. "आप ही का तो नुकसान है, बाबूजी. यह कागज़ दिखाया ही क्यों?" तो वाईट माणूस नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. मी त्याला म्हणालो, लिहा. सही करताना पेन दोनदा टेकवावं लागलं. घरी येऊन मी न जेवता झोपलो.

गेल्या आठवड्यात शालूमावशी आली. सत्तरीची, एक पिशवी आणि वळकटी घेऊन, भाच्याने गाडीत बसवून दिलेली. जिना चढताना 'कुसुमताई याच कठड्याला धरून उतरायची का' असं विचारत होती. खोलीत सगळं तसंच होतं. मोडलेल्या कडीच्या जागी सुताराने नवी पितळी कडी बसवली आहे. मी तिला गॅस कसा पेटवायचा, पाणी किती वाजता येतं ते दाखवलं आणि किल्ली हातात दिली. रात्री सोबतीला रेखाला बोलावू का, विचारलं. ती म्हणाली, "नको रे. दार आतून लावता येतं ना?"

मी हो म्हणालो आणि बाहेर आलो. दोन पायऱ्या उतरलो असेन. मागे कडी लागल्याचा आवाज आला. मग ती निघाली. पुन्हा लागली. पुन्हा निघाली, पुन्हा लागली. मी जिन्यात उभा राहिलो, आणि चौथ्यांदा लागल्यावर शांत झालं.

निळी वही आता माझ्याकडे आहे. त्या रविवारचं पान मी घरी येऊन उघडलं. 'दिया है' खाली आम्ही सगळे. 'सिद्ध करना है : शालूच्या नावाचं दार.' खाली एकेक पायरी, काकूने करून बरोबरची खूण केलेली : डॉक्टर, कागद, रामधनी, रेखा. शेवटच्या दोन पायऱ्यांपुढे माझं नाव. एक, शालूला किल्ली देणे. दोन, नगर निगमात, म्हणजे इथल्या महापालिकेत, खोल्यांवर तिचं नाव चढवणे. त्याखाली जागा रिकामी सोडून बारीक अक्षरात लिहिलंय, 'इथलं विनूने लिहावं.'

किल्लीपुढे मी बरोबरची खूण केली. कडीचा आवाज कानात होता, त्या भरात 'इति सिद्धम्' हे दोन शब्दही लिहावेत म्हणून पेन टेकवलं आणि उचललं. नाव अजून चढलेलं नाही. खिडकीवरच्या बाबूने आणखी एक प्रत मागितली आहे, सोमवारी या म्हणाला. सोमवारी पितृपक्ष असेल, घाटाकडच्या सगळ्या वाटा यात्रेकरूंनी भरलेल्या असतील. वही मी कागदांच्या पिशवीत घालून ठेवली आहे. सोमवारी सकाळी निघतो.