बाहेरच्या डब्यातलं पाणी

तर फोनपाशी थांबलो होतो आपण. माझ्या थोरल्या सुनेच्या हातात फोन, समोर तिचे साहेब कमरेवर हात ठेवून उभे, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत मी, तिचा घरी विसरलेला डबा मांडीवर घेऊन.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. सून हवामान केंद्रात शास्त्रज्ञ आहे. लोक विचारतात, म्हणजे उद्या पाऊस पडेल का ते सांगते? मी म्हणतो, नाही हो, भलताच कधी पडेल ते शोधते! दहा वर्षं तिने पावसाच्या जुन्या वह्या चाळल्या. त्यात काही आकड्यांवर लाल रेघ. एवढा पाऊस पडेलच कसा, मोजणारा चुकला, असं म्हणून कुणीतरी खोडलेले. हिने ताडून पाहिलं, तर त्यातले निम्मे दिवस महापुराचे निघाले. हल्ली खोडायचं काम संगणक करतो, एवढाच फरक.

त्या दुपारीही तेच झालं. डोंगरावरच्या शाळेचा शिपाई तिथला पर्जन्यमापक बघतो. त्याने कळवलं, दोन तासांत दोनशे मिलिमीटर. संगणकाने आकडा बाद केला. खिडकीबाहेर शहरात लख्ख ऊन.

"मोजताना गडबड केली असणार त्याने," साहेब म्हणाले. "आणि दोन वर्षांपूर्वीचं आठवतंय ना?"

न आठवून सांगते कुणाला! हिच्या इशाऱ्यावर ओढ्याकाठची अख्खी वस्ती हलवली होती, आणि दिवसभर एक थेंब नाही. तेव्हापासून तिथला शिंपी तिला ऊनबाई म्हणतो. परवाच माझ्या सदऱ्याला काजं करता करता म्हणाला, "काय आजोबा, ऊनबाईंचा काय हुकूम? छत्री काढू की गॉगल?" मी आपला हसलो. घरी येऊन सांगितलं, तर ती काही हसली नाही.

"पुन्हा चुकलात तर लोक इशारा ऐकणंच सोडतील," साहेबांनी आवाज खाली आणला, "आणि इशारा द्यायचं काम तुमच्याकडे राहणार नाही."

माणूस वाईट नव्हता, बोलत होता तेही खरंच होतं. पण डोंगरावरचं पाणी ओढ्याने शहरात यायला तीन तास लागतात, आणि त्यातला एक तास सरला होता.

फोनवर तोच शिपाई होता. तिने फोनचा आवाज मोठा केला.

"काका, बाटली तुम्ही स्वतः पाहिलीत?"

"म्हणजे काय मॅडम! काठोकाठ आहे."

"काठोकाठ? वरून सांडलंय का?"

"सांडलंय की, बाहेरच्या डब्यात. ते कुठे धरलंय मी? बाटलीचंच तेवढं सांगितलं."

ती ताडकन उभी राहिली. पर्जन्यमापकात आत बाटली असते, ती दोनशेला भरली की वरचं पाणी बाहेरच्या डब्यात उतरतं. म्हणजे शिपायाने आकडा फुगवला नव्हता. उलट कमी सांगितला होता!

"काका, डबा मोजा. आत्ता. मी ऐकतेय."

फोनमधून पावसाचा आवाज असा, की पत्र्यावर कुणी खडी ओततंय. त्यातून शिपायाची मोजणी. मोजायच्या काचेच्या ग्लासात वीस मिलिमीटर मावतात.

"एक झाला… दोन…"

साहेबांचे हात कमरेवरून खाली आले.

"तीन… चार… मॅडम, डबा अजून निम्मासुद्धा रिकामा नाही झाला."

पाचव्यासाठी ती थांबलीच नाही. इशाऱ्यावर सही केली, कागद साहेबांपुढे सरकवला. साहेबांनी एकदा खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं, आणि फोन उचलून गाड्या सोडायला सांगितल्या.

भोंगे लावून गाड्या वस्तीत फिरल्या. लोक चरफडत, घाम पुसत टेकडीवरच्या कॉलेजात गेले. शिंपी तर शिलाई मशीनचं वरचं डोकं काढून काखेत मारून निघाला, जाता जाता गाडीवाल्याला म्हणाला, "ऊन बघायला नेताय ना, सावलीत बसवा म्हणजे झालं."

पावणेपाचला ओढा आला. शिंप्याच्या दुकानाची पाटी तेवढी वर दिसत होती. माणूस एकही खाली राहिलं नव्हतं.

संध्याकाळी सून कॉलेजात गेली, मागोमाग मी, डबा अजून हातातच. शिंपी बाकावर बसला होता, मशीन मांडीवर. ऊनबाई म्हणायचं धाडस होईना. शेवटी खाली बघतच म्हणाला, "बाई, एक विचारू? आज परत नुसतं ऊनच राहिलं असतं तर?"

ती त्याच्या शेजारी टेकली आणि म्हणाली, "तर मास्तर, उद्या दुकान उघडल्या उघडल्या तुम्ही मला चिडवलं असतंत, आणि मी मान खाली घालून गेले असते. चिडवायला तुम्ही असलात म्हणजे झालं."