दिवाळीआधी येणारा आईंचा फोन

माझ्या सासूबाई गेल्या त्या दिवशीही आम्ही दुकान उघडलं.

लोक बोलले. बोलू देत. टाक्यांमधल्या माशांना सुतक कळत नाही, त्यांना सकाळी खायला लागतं.
नसतं उघडलं तर आईच उठून ओरडल्या असत्या.

आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कामोठ्यात आमचं अ‍ॅक्वेरियमचं दुकान आहे. मी आणि नवरा चालवतो. आई उरणच्या कोळीण. अर्धं आयुष्य बाजारात पाटी घेऊन बसल्या, पापलेट-बोंबील विकले. गुडघे गेले तशा आमच्या काउंटरला येऊन बसल्या.

नवऱ्याला वाटलं, आता धंदा वाढेल.
कसला वाढतोय!

बाजारात गिऱ्हाईक माशाचा कल्ला उघडून बघतं. इथे आई गिऱ्हाइकालाच तपासायच्या.
"टाकी केवढी हाय? गावाला गेल्यावर खायला कोन घालील?"
मुलीला स्थळ बघत असल्यासारखे प्रश्न. उत्तर पसंत नाही पडलं तर सरळ, "तू झाड लाव."

एकाने डिवचलं, "मावशी, तुम्ही तर मासे खाता. मग एवढी माया कशाला?"
"खाते तो येगला. ह्यो मी तुला जित्ता दिलाय."

पण हे पहिल्या दिवसापासून नव्हतं. एका दिवाळीने त्यांना असं केलं.

भाऊबीज झाली आणि रोडपालीचं एक जोडपं तणतणत दुकानात आलं. पिशवीत मेलेला गोल्डफिश. सोबत त्यांची छोटी मुलगी, रडून डोळे सुजलेले.
"तुम्ही आजारी मासा दिलात."
नवरा कसला ऐकतोय. "इथून नेलात तेव्हा ठणठणीत होता. पुढची जबाबदारी तुमची."
चांगलीच जुंपली.

आईंनी पिशवी हातात घेतली आणि त्या मुलीलाच विचारलं, "बाय, टाकी धुतली का गो?"
"हो. दिवाळीची साफसफाई केली ना. साबणाने घासली, सगळं पाणी नवीन भरलं. एकदम चकाचक."

नवरा केस जिंकल्यासारखा हसला.
आई नाही हसल्या. "तू त्यांना सांगितला व्हता का, टाकी घासायची नसते?"
त्याने नाही म्हणून मान हलवली.
"मी पन नाय सांगितला. मग ह्यो मासा अर्धा त्यांनी मारला, अर्धा आपन."

मुलीला शेजारी बसवून त्यांनी समजावलं. टाकीचं पाणी लोणच्यासारखं मुरावं लागतं. बदलायचं ते थोडंसंच, तेही रात्रभर बादलीत ठेवलेल्या पाण्याने. साबण अजिबात नाही.
टाकी मुरल्यावर तिला दुसरा मासा दिला.

पुढच्या वर्षीपासून दिवाळी जवळ आली की आई मोबाइल घेऊन बसायच्या. गिऱ्हाइकांचे नंबर मी लावून द्यायचे.

"मी कामोठ्याची मासेवाली मावशी. पंखे पुसा, भांडी घासा, टाकी घासू नका. मासा कसा हाय?"

लोकांना आधी फ्रॉड कॉल वाटायचा. मग सवय झाली.
नवरा वैतागायचा. "आई, मासा विकला की विषय संपला."
"बाजारात संपायचा. तिथं मी मेलेला इकत व्हते."

गेल्या वर्षी हे फोन त्यांनी हॉस्पिटलच्या बेडवरून केले. दोन वाक्यांत दम लागायचा. सिस्टर ओरडायच्या.
मी म्हटलं, "आई, झोपा तुम्ही. मी करते फोन."
"तू गोड बोलतेस. तुजा कोन ऐकनार नाय."
मरणाच्या दारातही सुनेला टोमणा. मिस करते मी ते सगळं.

यंदा वर्षश्राद्धाच्या गडबडीत फोन राहूनच गेले.

काल दुकानात एक फोन आला. ती रोडपालीची मुलगी, आता कॉलेजला जाते.
"काकू, यंदा आजींचा फोन नाही आला."
तिला माहीतच नव्हतं. मी सांगितलं.
मग म्हणाली, "घरात साफसफाई चालूये. मी टाकीला हात लावू दिला नाही. म्हटलं, आजींचा फोन येईल."

मी गिऱ्हाइकांसमोरच रडायला लागले.
नवऱ्याने माझ्या हातातून फोन घेतला. घसा खाकरला.
आणि विचारलं, "मासा कसा हाय?"

आई, कालपासून तुमचा मुलगा फोन घेऊन बसलाय. एकेकाला लावतोय. अगदी तुमच्यासारखा ओरडतोय.

तुमची खूप आठवण येते. भरल्या डोळ्यांनी नमस्कार.

आणि ज्यांना अजून फोन लागला नसेल त्यांनी इथेच वाचा.
टाकी घासू नका.