पूनमसिंगची हद्द

सुभेदार पूनमसिंग राठोड चोवीस वर्षं फौजेत काढून तांड्यावर परतला, तर जो भेटेल तो त्याला बँकेतल्या गार्डच्या नोकरीचं सांगायचा. "जन्मभर पहाराच देल्ला, आता मालक होतो!" म्हणत गड्यानं पुण्याच्या एका पोहेवाल्या कंपनीची फ्रँचायझी घेतली अन् मारेगावच्या बसस्टँडसमोर दुकान थाटलं.

कंपनीनं केशरी टोपी दिली, नियमांचं जाडजूड पुस्तक दिलं. महिनाभरात गिऱ्हाईक जमलं नाही, किंवा एकही नियम मोडला, तर पाटी उतरणार होती. पूनमसिंगनं पुस्तक तोंडपाठ केलं. हुकूम म्हणजे हुकूम!

पहिलं गिऱ्हाईक आलं ते सदाशिवराव मास्तर. पोह्यांवर खोबरं, लिंबाची फोड, सगळं पुणेरी. मास्तरांनी प्लेट डोळ्यांजवळ नेली.

"तर्री कुठी हाये?"

"कंपनीत तर्री नाही, गुरुजी."

"कोरडेच? काहून बाप्पा, मी काय आजारी हावो?"

आता आपल्याकडं पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा नसला, तर नाश्ता झाला असं कोण म्हणेल? वीस दिवस दुकानात माश्या अन् पूनमसिंग, दोघंच.

शेवटी त्याची बायको जमनी म्हणाली, "ओमचे बाबा, नियम तरी काय हाये?"

"नियम नंबर सात. दुकानाच्या हद्दीत दुसरा पदार्थ ठेवायचा नाही."

"अन् हद्द कुठवर?"

हद्द! फौजीला असा प्रश्न विचारावा काय? पूनमसिंगनं लगेच टेप काढला, करारनामा उघडला, मोजमाप केलं अन् पायरीखाली चुन्याची रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी रेघेपलीकडं, कडुलिंबाखाली, जमनी पातेलं घेऊन बसली. तर्री फुकट, पण ज्याच्या हातात कंपनीचे पोहे त्यालाच. आठवड्यात रांग रस्त्यापर्यंत गेली. पूनमसिंग रेघेवर उभा राहून रिकाम्या प्लेटा तपासायचा. लाल थेंब दिसला की माणूस प्लेट पुसायला परत.

तिसाव्या दिवशी पुण्याहून तपासणीला प्रेरणा मॅडम उतरल्या. गर्दी पाहिली, मग पातेलं पाहिलं.

"हे काय आहे?"

पूनमसिंगनं छाती पुढं काढली. "शेजारचा मुलूख आहे, मॅडम."

"कुणाचा?"

"बायकोचा. सध्या संबंध बरे आहेत."

मॅडमनी पोह्यांची प्लेट घेतली, रेघ ओलांडली, वर तर्री ओतून घेतली. पहिल्या घासाला नाक वाहू लागलं. तरी प्लेट काही खाली ठेवली नाही. पंख्याखाली बसावं म्हणून तशाच दुकानाकडं वळल्या, तर पूनमसिंग आडवा!

"तर्री घेऊन आत येता येणार नाही, मॅडम. नियम सात."

"अहो, मी कंपनीची माणूस!"

"म्हणून तर थांबवून राह्यलो."

मग काय, मॅडम कडुलिंबाखाली दगडावर बसल्या अन् गुडघ्यावर कागद ठेवून अहवाल लिहिला, 'येथे नियम फारच काटेकोर पाळले जातात. दुकान चालू ठेवावे.' कागदावर तर्रीचा एक डाग पडला तेवढा. मग हळूच प्लेट पुढं केली, "ताई, अजून थोडी?"

जमनीनं पळी वरच्या वर धरली.

"देतो ना बाई. पण पोहे सरले तुमचे. पहिले तिकडून दुसरी प्लेट घेऊन या."