सायराकुलनं घातलेला अशर

आमच्या सायराकुलसारखी बाई अख्ख्या बिश्केकमध्ये सापडायची नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. दिवसभर शहरातल्या हॉटेलात फरशा पुसते, पण वस्तीत कुणाच्या बापाला भीत नाही. नारीनच्या डोंगरातून नवऱ्याबरोबर आली, दोघांनी माती तुडवून विटा पाडल्या आणि दोन खोल्या उभ्या केल्या. पुढं नवरा वारला. आता ती आणि तिचा लेक.

शहराच्या टोकाला पडलेली आमची वस्ती. हमरस्त्यापर्यंत चिखल तुडवत जायचं, पोरींनी शाळेतून अंधारात एकट्यानं परतायचं, आयांचा जीव टांगणीला! वस्तीपर्यंत बस यावी म्हणून खूप हेलपाटे घातल्यावर बसवाले म्हणाले, "शेवटाला गाडी वळवायला जागा करा. हिवाळ्याआधी झाली नाही, तर बस दुसऱ्या वस्तीला."

शेवटाला घरं दोनच, तिचं आणि आमचं. बैठकीत आमचे हे फुरफुरले, "माझी भिंत वीतभर सरकायची नाही. मी मागितली होती का बस?"

"तुम्ही कशाला मागाल? उंबरा ओलांडता कधी?" मी तिथंच सुनावलं. लोक हसले, पण जागा काही निघाली नाही.

त्याच आठवड्यात सायराकुलनं अशर घातला. एकानं हाक मारायची, सगळ्यांनी फुकट राबायचं आणि त्यानं पोटभर जेवू घालायचं, अशी आमची रीत. एकदा ते अन्न पोटात गेलं की सांगेल ते काम करायचं. नाही म्हटलं तर गावभर नाचक्की. आम्हाला वाटलं, लेकाचं लग्न ठरलं, खोली वाढवतेय. काम काय हे न विचारताच सगळे पंगतीला बसलो. मेंढीचं मटण होतं, तळलेल्या पिठाचे गोळे होते. ह्यांनी तर तीनदा वाढून घेतलं.

हात पुसतात तोच तिनं ह्यांच्या हातात पहार दिली. ह्यांना ती मोठ्या भावासारखं आकेच म्हणते. "बेयशेन आके, पुढची खोली पाडा."

"वेड लागलं का तुला? नवऱ्याच्या हातची खोली ती!"

"माझ्याही हातची आहे. बस इथं वळेल. उठा, जेवलात ना?"

"आधी सांगितलं असतंस तर घासाला शिवलो नसतो!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

कुणी हलेना. तेव्हा तिनंच पहार घेऊन पहिला घाव घातला. मग काय, सगळेच उठले. ह्यांचे डोळे सारखे पाणावत होते. धूळ गेली म्हणे! संध्याकाळपर्यंत जागा मोकळी झाली, विटा एका बाजूला रचून ठेवल्या. मायलेक उरलेल्या एका खोलीत सामानासकट कोंबले गेले.

सकाळी धाडधाड आवाज आला. बाहेर येऊन बघते तर हे आमचीच कुंपणाची भिंत पाडतायत.

"अहो, हे काय चालवलंय?"

"चहा टाक भरपूर. आज अशर माझा."

सायराकुल धावत आली. "आके, मी तुमच्याकडे जागा मागितली नव्हती."

"मागितली असतीस तर दिली नसती," हे म्हणाले. "विटा तुझ्या, जमीन माझी. खोली इथं येईल, इथं ऊन चांगलं लागतं."

खोली पाडताना जिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, ती बाई त्या ढिगाऱ्यावर बसून हमसून हमसून रडली. मला दोघांचाही असा अभिमान वाटला म्हणता! त्या सकाळी ह्यांना मी एकही टोमणा न मारता चहा दिला.