शिल्लक राहिलेला डबा

आमच्या घरात काहीही फेकून द्यायची पद्धत नाही. जुना कुकर भांडीवाल्या मावशींना, माझे स्वेटर वॉचमनला, मुलीची शाळेची दप्तरं कुणाच्या तरी गावाला. देताना आपण चांगलं काम करतो आहोत असं वाटतं आणि माळाही रिकामा होतो. याच सवयीने गेल्या वर्षी मी बाळाच्या दुधाच्या पावडरचा एक डबा देऊन टाकला. त्याचं पुढे काय झालं ते लिहितो आहे. लिहिल्याने काही फिटणार नाही, हेही ठाऊक आहे.

मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे इंदिरानगरला आली होती. सिझेरियन झालं. घरी आल्यावर बाळ सारखं रडायचं, मुलगी रडवेली व्हायची, आणि तिच्या मोबाईलवर पांढरा कोट घातलेली एक हसरी बाई रोज दिसायची. "पाजल्यावरही बाळ रडतंय? म्हणजे त्याचं पोट भरत नाहीये, आई." मग मेंदूची वाढ, उंची, प्रतिकारशक्ती. त्या बाईने कधी डबा हातात धरला नाही की कुठलं नाव घेतलं नाही. खाली फक्त एक नंबर असायचा. त्यावर मेसेज केला की कुणी 'ताई' फोन करायची. नाव ती सांगायची.

बायको म्हणत होती, "अहो, पाजत राहिलं की दूध येतं. आणि रडणं म्हणजे काय दर वेळी भूकच असते का? तुम्ही दिवसभर कुरकुरता, तुम्हाला मी प्रत्येक वेळी ताट वाढते का?"

"तुझं सगळं जुन्या काळातलं. इथे डॉक्टर सांगतेय."

"ती डॉक्टर आहे हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोट दिसत नाही का?"

मी अंबडला एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. आलेल्या मालाचं लेबल वाचल्याशिवाय तो आत घ्यायचा नाही, हेच माझं काम. माणसांना मी त्यावरून झापलेलं आहे. आणि घरात मी हे उत्तर दिलं.

डबे मीच आणले, एकदम तीन. बाटली तोंडात गेली की बाळ शांत व्हायचं, लगेच झोपायचं. घराला हायसं वाटलं. मुलगी बाळाला छातीशी घ्यायची ते कमी झालं, तसं तिचं दूधही कमी झालं. तेव्हा मी बायकोला म्हणालो, "बघ, नव्हतंच तिला दूध." पुढे नात मोठी झाली, पुढच्या वयाचा डबा सुरू झाला आणि आधीचा एक न उघडता राहिला. मुदत बरीच शिल्लक होती.

आमच्या पॅकिंग विभागात सुरगाण्याकडचा एक तरुण मदतनीस आहे. त्याच सुमारास त्याला मुलगा झाला होता. त्याची बायको आणि आई गावाकडे पाड्यावर, हा शनिवारी जीपने जायचा आणि सोमवारी पहाटे परतायचा. पेढा द्यायला आला तेव्हा मी दुसऱ्या दिवशी डबा आणून त्याच्या हातात ठेवला.

"घरी दे. पोराचं डोकं चालतं याने. उंची वाढते. डॉक्टर लोकांची पोरं हेच पितात."

हे शेवटचं वाक्य त्या पांढऱ्या कोटवाल्या बाईचंही नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं.

त्याने डबा दोन्ही हातांनी धरला. "लय भारी वस्तू दिसते, साहेब." शर्टात गुंडाळून तो घेऊन गेला. काही दिवसांनी त्याने विचारलं, हा कुठे मिळतो. मी दुकान सांगितलं. मग तो जादा पाळ्या करायला लागला. मी घरी कौतुकाने सांगितलं, "पोरासाठी राबतोय बघ. माणूस सुधारतो असा."

दिवाळीच्या आधी एका रविवारी आम्ही दोघं त्या बाजूला गाडी घेऊन सहज गेलो होतो. बायकोने जुन्या साड्यांची मऊ दुपटी शिवली होती. "इतकं आलोच आहोत तर त्या पोराच्या बाळाला बघून जाऊ," ती म्हणाली. तो स्वतः त्या रविवारीही कामावर होता. रस्ता फोनवर त्यानेच सांगितला, पण शेवटच्या चढावर मोबाईलची रेंज गेली आणि आम्ही विचारत विचारत पोचलो. भात पिवळं पडायला लागलं होतं. घर कुडाचं, शेणाने स्वच्छ सारवलेलं.

त्याची आई लगबगीने पुढे आली. खाट टाकली, पाणी दिलं, सुनेला कोरा चहा ठेवायला सांगितलं. आत फळीवर देवांच्या तसबिरींशेजारी माझा डबा होता. रिकामा, पुसून ठेवलेला. त्याच्या बाजूला तसलाच दुसरा, उघडलेला.

"यानं पोराचं डोकं चालतं," म्हातारी माझ्या बायकोला समजावून सांगू लागली. "उंची वाढती. डाक्टर लोकांची पोरं हेच पित्यात."

शब्द न् शब्द माझा होता. मला क्षणभर बरंही वाटलं, हे कबूल करतो.

मग सुनेने बाळ आणलं. मला वाटलं, शेजारचं कुणाचं नुकतं जन्मलेलं मूल असेल. हा तर चार महिन्यांचा होता. मांड्यांची कातडी सैल पडली होती, डोळे मोठे आणि चेहरा म्हाताऱ्या माणसासारखा. तो रडतही नव्हता. तिच्या हातातल्या बाटलीत तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं काहीतरी होतं.

माझ्या बायकोने दुपटी खाली ठेवली. "पोरी, किती चमचे घालतेस यात?"

"एक."

"एवढ्या बाटलीला?"

"शनवारपत्तुर पुरायला पायजे ना."

"आणि अंगावरचं?"

उत्तर म्हातारीने दिलं. "अंगावरचं काय, समद्याच पाजत्यात. साहेबांनी येवढं धाडलं, म्हनून आदी ते. मग हिचं आटलं."

"आधी लय होतं," सून हळूच म्हणाली. "पोलकं भिजायचं."

मी उठून उभा राहिलो, पुन्हा बसलो. त्या पाड्यावर रेंज नव्हती, रस्त्याला एक फलक नव्हता. पांढऱ्या कोटातली ती बाई जन्मात तिथे पोचली नसती. तिला तिथवर मी पोचवलं होतं. ज्या आईचे कपडे दुधाने भिजत होते, तिच्या पोराच्या तोंडात मी पाणी ओतलं होतं.

"गाडी काढा," बायको म्हणाली.

"बरं हाय की तो," म्हातारी म्हणाली. "जरा हगवण लागलीय, येवढंच."

"आजी, तुम्हीही चला. काय भांडायचं ते गाडीत भांडू."

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासलं, सलाईन लावलं आणि मग बाटली उजेडात धरून तिरकी केली. "हे कुणी सांगितलं द्यायला?"

सून माझ्याकडे बघत नव्हती. ती मुद्दाम बघत नव्हती, हे मला कळलं.

"मी," मी म्हणालो.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आईचं दूध मिळूच शकत नाही अशा बाळाला आम्ही हे लिहून देतो. मापात, उकळलेल्या पाण्यात. इथे तर आई समोर बसलेली आहे." मग तिला म्हणाल्या, "दूध येवो न येवो, त्याला छातीशी लावत राहायचं. आम्ही आहोत. येतं परत पुष्कळदा."

म्हातारीने उघडलेला डबा पिशवीत घालून आणला होता. बाकावर बसून मी तो पहिल्यांदा वाचला. आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम, असं त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं. माझ्या ओट्यावर महिनोन् महिने हेच डबे होते. अशा पावडरीची जाहिरात करायला कायद्याने बंदी आहे, हे मला नंतर कळलं. म्हणूनच ती बाई नाव घेत नव्हती.

दवाखान्यातून मी फोन केला होता, संध्याकाळच्या जीपने मदतनीस आला. बाळाकडे बघितलं, भिंतीला टेकून उभा राहिला आणि मला म्हणाला, "साहेब, तुम्ही आलात म्हणून बरं झालं." मी त्याच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही. हाच माणूस मला विचारून दुकानात गेला होता.

पुढच्या रविवारी मी एकटाच गेलो. बाळ अजून दवाखान्यातच होतं. हगवण थांबली होती. सून दिवसभर त्याला उघड्या छातीशी धरून बसे, दूध थेंब थेंब येत होतं, पुरेल की नाही कुणी सांगत नव्हतं. म्हातारी बाहेर व्हरांड्यात बसली होती. मला बघून तिने माझ्या हातांकडे बघितलं.

"डबा नाय आनला?"

"नाही, आजी. तो नाही द्यायचा आता."

"तुमच्या नातीला देता ना अजून?"

"देतो."

"मग आमच्या पोरालाच का नको? त्याला डोकं नको?"

मी तिच्या शेजारी खाली बसलो. जे माझ्या मुलीलाही मी अजून सांगितलेलं नव्हतं, ते या बाईला सांगितलं. "माझ्या मुलीलाही दूध येत होतं, आजी. येत राहिलं असतं. मीच घाई केली. मोबाईलवर एक बाई सांगत होती, मी ऐकलं."

"कोन बाई?"

"माहीत नाही. ओळखीची नाही."

तिने पदराने तोंड पुसलं.

"तुमी बिनओळखीच्या बाईचं ऐकलं," ती म्हणाली. "आमी तर ओळखीच्या मानसाचं ऐकलं, साहेब."

आतून सुनेने हाक मारली. आवाज घाबरलेला वाटला म्हणून आम्ही दोघंही उठलो. पण ती म्हणत होती, "आत्या, या हो, घोट घेतोय तो. ऐकू येतोय."

म्हातारी आत धावली. मी दारापर्यंत गेलो. पडदा अर्धा ओढलेला होता. आत जायचा मला काही हक्क नव्हता, म्हणून मी तिथेच थांबून कान दिला. पंख्याच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.